पद्मिनीचे सस्पेन्शन बुश आणि गाडीचे वजन

खड्ड्यातून जाताना प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या बाजूने येणारा 'खट्' असा कोरडा आवाज ज्याने ऐकला आहे, त्याने पहिला संशय बहुधा शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर घेतलेला असतो आणि गॅरेजवालाही पुष्कळदा तोच बदलून देतो. नवे शॉक बसले की आवाज काही दिवस दबल्यासारखा वाटतो आणि मग पुन्हा पूर्वीसारखा सुरू होतो, कारण दोष शॉकचा नसून मागच्या पाट्यांच्या, म्हणजे पोलादी पाने एकावर एक रचून केलेल्या लांब स्प्रिंगांच्या, टोकांना असलेल्या रबरी बुशांचा असतो. हे बुश आकाराने मुठीत मावतील एवढे, किमतीने गाडीच्या एका टायरच्याही जवळपास न जाणारे, आणि काढायला मात्र सगळ्यांत चिवट. माझ्या गाडीचे मागचे सगळे बुश मी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, घरच्याच हत्यारांनी बदलले. ते काम कसे करावे यापेक्षा ते कोणत्या क्षणी कसावे, याविषयी मला अधिक लिहायचे आहे, कारण जाणते मेकॅनिकही नेमका तोच भाग उरकून टाकतात असे मी पाहिले आहे.

गाडीची रचना आधी थोडक्यात सांगतो. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ती १९६४ पासून 'डिलाइट' या नावाने, १९७२ पासून 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने तयार होत राहिली. पुढच्या चाकांना विशबोन (चाक धरून वरखाली होणारे दुबेळके हात) आणि कॉइल स्प्रिंग आहेत, तर मागे अखंड अ‍ॅक्सल असून तो दोन लांब पाट्यांवर बसवलेला आहे. पाट्याच्या दोन्ही टोकांना वळवून केलेले गोल भोक असते, त्याला सगळे 'डोळा' म्हणतात. पुढचा डोळा एका बोल्टने बॉडीला पक्का धरलेला असतो. मागचे टोक शेकलवर, म्हणजे पट्ट्यांच्या झुलत्या दुव्यावर, झुलते, कारण पाटा दबला की तो सरळ होऊन लांबतो आणि त्या वाढलेल्या लांबीला जागा लागते. या व्यवस्थेत पाटा नुसते वजन तोलत नाही. इंजिनाची ओढ चाकांपर्यंत पोचल्यावर गाडीला पुढे ढकलणारे बळ आणि ब्रेक दाबल्यावर तिला मागे खेचणारे बळ, ही दोन्ही त्या पुढच्या डोळ्यातल्या बुशातूनच बॉडीत जातात. म्हणून तो बुश सैल झाला की आवाज तर येतोच, शिवाय क्लच सोडताना मागून एक धक्का जाणवतो, आणि एका बाजूचा बुश दुसऱ्यापेक्षा अधिक गेलेला असेल तर गाडी वेग घेताना एका अंगाला आणि वेग सोडताना दुसऱ्या अंगाला किंचित सरकते. स्टिअरिंगमधला दोष समजून लोक यावर पुढच्या बाजूला बराच खर्च करतात.

या डोळ्यात बसतो तो 'सायलेंट ब्लॉक' प्रकारचा बुश: आत एक पोलादी नळी, बाहेर दुसरी, आणि दोहोंच्या मध्ये घट्ट बसवलेले रबर. बोल्ट कसला की आतली नळी बॉडीच्या ब्रॅकेटमध्ये आवळली जाते आणि ती फिरत नाही. बाहेरची नळी पाट्याच्या डोळ्यात दाबून बसवलेली असल्याने तीही डोळ्यात फिरत नाही. मग पाटा वरखाली होताना फिरते काय? फिरत काहीच नाही; मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा मोकळे होते. एक धातू दुसऱ्यावर घासत नाही, त्यामुळे इथे ग्रीसचे निपल नसते आणि ग्रीस लागतही नाही. जुन्या गाड्यांना ग्रीस मारणारी मंडळी इथेही प्रेमाने ग्रीस फासतात, ते मात्र थांबवले पाहिजे, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते आणि धातूपासून सुटू लागते. गिअर बॉक्सची किंवा डिफरन्शियलची गळती बुशावर येत असेल, तर नवा बुश घालण्याआधी ती बंद करावी.

रबर किलोमीटरने जितके झिजते त्याहून अधिक ते काळाने खराब होते. हवेतल्या ओझोनने ताणलेल्या रबराला बारीक, ताणाच्या आडव्या दिशेने जाणाऱ्या चिरा पडतात. उष्णतेने ते कडक होते. आणि गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहिली तर वजनाखाली ते एका बाजूला कायमचे बसते. घराखाली झाकून ठेवलेली आणि रविवारी फक्त स्टार्ट करून बंद केलेली गाडी या बाबतीत रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा चांगल्या स्थितीत असेलच असे नाही. त्यात कोकणपट्टीचा पावसाळा आणि खारी हवा असेल, तर रबराच्या आधी बोल्ट आणि आतली नळी एकमेकांत गंजून एकजीव होतात, आणि घरी काम करणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते.

बुश गेला आहे की नाही हे नुसते पाहून कळत नाही, कारण बाहेर दिसणाऱ्या कडेवरच्या चिरा पुष्कळदा वरवरच्या असतात. गाडी चाकांवरच उभी ठेवून, खाली वाकून, बॅटरीच्या उजेडात आतली नळी बाहेरच्या नळीच्या मध्यभागी आहे की एका बाजूला सरकली आहे ते पाहावे. नळी काठाला टेकलेली दिसली तर पुढे तपासण्यासारखे काही उरत नाही. त्यानंतर डोळा आणि ब्रॅकेट यांच्या फटीत टॉमी (उचकायची लोखंडी कांब) घालून हलकेच उचकावे. चांगले रबर थोडे दबते आणि टॉमी सोडताच जागेवर येते. गेलेला बुश 'टक्' करून धातूला धातू लागल्याचा आवाज देतो आणि परत येण्याची त्याला घाई नसते. शेकलच्या बाजूला मात्र रबराचे दोन अर्धे तुकडे दोन्हीकडून सरकवलेले असतात, आणि ते झिजले की शेकलची पट्टी मागच्या डोळ्याच्या अंगावर घासून चकचकीत झालेली दिसते. ती चकाकी दिसली की रबर झिजल्याचे नक्की समजावे.

माल घेताना घाई करू नये. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजारात आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पद्मिनीचे सामान अजून मिळते, पण मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ज्या टॅक्सींमुळे हे सामान सतत खपत असे, ते गिऱ्हाईकच राहिले नाही. त्यामुळे दुकानदार मोठ्या अभिमानाने जुन्या कंपनीच्या खोक्यातला, वर्षानुवर्षे फळीवर असलेला 'ओरिजिनल' बुश काढून दाखवतो, तेव्हा हौशी माणसाचे मन विरघळते. बेअरिंग, गिअर किंवा काचेच्या बाबतीत असा जुना साठा म्हणजे लॉटरी लागण्यासारखेच आहे. रबराच्या बाबतीत मात्र मी तो घेणार नाही, कारण खोक्यात पडूनही रबराचे वय वाढतच असते. अलीकडे बनवलेला साधा बुश अधिक चांगला, पण तोही हातात घेऊन पाहावा: आतली नळी बरोबर मध्यावर आहे का, रबर नखाने दाबल्यावर खूण धरून न ठेवता लगेच वर येते का, कडेला साच्याचे फाटके पापुद्रे किंवा हवेच्या पोकळ्या आहेत का, आणि रबर धातूपासून कुठे सुटलेले तर नाही ना. वर्निअर असेल तर बाहेरचा व्यास मोजून घ्यावा. डोळ्यात हाताने सहज सरकणारा बुश निरुपयोगी आहे. बाहेरची नळी फिरू लागली की रबर पिळले जाण्याचे कामच थांबते आणि डोळा आतून खाल्ला जातो.

कामाची सुरुवात आदल्या आठवड्यात करावी. तारेच्या ब्रशने बोल्टांची टोके साफ करून रोज संध्याकाळी थोडे गंज सोडवणारे तेल मारत राहिले, तर प्रत्यक्ष कामाच्या दिवशी पुष्कळ मेहनत वाचते. जुन्या रबरावर ते तेल उडाले तरी हरकत नाही, कारण ते जाणारच आहे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, गाडी उचलून बॉडीच्या मजबूत भागाखाली लोखंडी घोड्या द्याव्यात आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने शिरू नये. या बाबतीत 'दोनच मिनिटांचे काम आहे' हे वाक्य घरात उच्चारूसुद्धा नये. घोड्या बॉडीखाली हव्यात, अ‍ॅक्सलखाली नकोत, कारण अ‍ॅक्सल आपल्याला जॅकने वरखाली करता आला पाहिजे. शॉकचे खालचे टोक सोडवून अ‍ॅक्सल जॅकने अशा उंचीला आणावा की पाट्यावर ना वजन राहील ना तो लोंबकळेल. त्या एका उंचीला बोल्ट हाताला मोकळा लागतो. थोडे वर किंवा थोडे खाली गेले की तोच बोल्ट हातोड्यालाही दाद देत नाही.

नट निघतो, पण बोल्ट निघत नाही, असे इथे बहुतेक होतेच. बोल्टचे डोके पान्याने फिरवले तर तो फिरतोही आणि आपल्याला आनंद होतो. प्रत्यक्षात बोल्टसोबत आतली नळीही फिरत असते आणि बिचारे रबर फाटत असते. अशा वेळी गॅसचा टॉर्च आणण्याचा मोह टाळावा. पेट्रोलची टाकी मागेच आहे, आणि जळणाऱ्या रबराचा धूर बंदिस्त पार्किंगमध्ये श्वासावाटे घेण्यासारखा मुळीच नसतो. बुशाची कड आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या बारीक फटीत हॅकसॉचे नुसते पाते घालून, त्याच्या एका टोकाला कापड गुंडाळून, दोन्ही बाजूंनी बोल्ट कापून टाकणे हा मार्ग संथ आहे, पण खात्रीचा आहे. पाते अधूनमधून बदलावे आणि कापताना तेलाचे थेंब सोडत राहावे. नवे बोल्ट आधीच आणून ठेवलेले असावेत. ते साध्या हार्डवेअरच्या दुकानातले मऊ बोल्ट नसावेत, डोक्यावर मजबुतीचा ८.८ किंवा त्यावरचा आकडा असलेले असावेत, आणि बुशाच्या नळीत येणारा त्यांचा भाग आट्यांचा नसून गुळगुळीत असावा.

दोन्ही टोके सुटली आणि पाटा मागच्या दांड्याला आवळून धरणारे मधले यू-बोल्ट काढले की पाटा बाहेर येतो. बुश पाटा न काढताही बदलता येतो असे सांगणारे भेटतात, आणि जागेवर ओढून काढण्याचे जुगाड मीही पाहिले आहे. पण पाटा बाहेर काढला की त्याच्या पानांमधला गंज, तुटलेली क्लिप आणि मधल्या सेंटर बोल्टची स्थिती दिसते, जी एरवी कोणी पाहत नाही.

डोळ्यातला जुना बुश काढताना आधी रबर काढावे. आतल्या नळीभोवती ड्रिलने ओळीने भोके पाडली की रबराची पकड सुटते आणि नळी ठोकून बाहेर येते. उरलेल्या बाहेरच्या नळीला आतून हॅकसॉच्या पात्याने एक लांब, सरळ चीर द्यावी. इथे हाताला लक्ष द्यावे लागते: पोलादी नळी कापली जात असताना पाते खरखरते आणि करड्या रंगाचा बारीक चुरा पडतो, पाते पार जाऊन पाट्याच्या कडक पोलादाला टेकले की ते घसरते आणि आवाज बारीक होतो. तो बदल ऐकू आला की थांबावे, कारण पाट्याच्या डोळ्यात पडलेली खाच पुढे भेगेची सुरुवात ठरू शकते. चिरेत अरुंद छिन्नी घालून नळीची कड आत दुमडली की ती चुरगळून सैल होते. मग डोळा आतून पॉलिश पेपरने गुळगुळीत करून रॉकेलने धुवावा आणि पूर्ण कोरडा पुसावा.

नवा बुश बसवायला प्रेस नसली तरी चालते. लांब आट्यांचा एक रॉड, दोन जाड वॉशर, दोन नट, आणि एका बाजूला बुशाहून किंचित मोठ्या व्यासाचा पाइपचा तुकडा एवढ्यात काम होते. नट आवळत गेले की बुश हळूहळू डोळ्यात शिरतो. पाइप आणि वॉशर मापाने करून घ्यायला मी घराजवळच्या लेथवाल्याकडे गेलो, तेव्हा त्या काकांनी बुश हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "साहेब, दाबायची ती फक्त बाहेरची नळी. रबराला आणि आतल्या नळीला हात लावायचा नाही." त्यांनी वॉशर मधून असा खोलगट करून दिला की त्याची कड फक्त बाहेरच्या नळीवर टेकत होती. बाजारातल्या सपाट वॉशरने हेच काम केले, तर सगळा दाब बाहेर आलेल्या आतल्या नळीवर येतो आणि बुश गाडीला लागायच्या आधीच आतून फाटतो. बसवताना सरकण्यासाठी साबणाचे पाणी पुरेसे असते, कारण ते नंतर वाळून जाते. जुने मेकॅनिक एरंडेल वापरत, आणि त्यात तथ्य आहे; एरंडेल नैसर्गिक रबराला खात नाही. पहिल्या काही आट्यांनंतर थांबून बुश तिरका जात नाही ना हे चारही बाजूंनी पाहावे, कारण तिरका शिरलेला बुश पुढे सरळ होत नाही.

आता कसण्याविषयी. पाटा जागेवर चढवला, बोल्ट घातले, की समाधानाने पाना उचलून ते तिथल्या तिथे घट्ट करावेसे वाटते, कारण गाडी वर आहे, हात पोचतो आहे, उजेड आहे. नेमके हेच करायचे नाही. गाडी घोड्यांवर असताना अ‍ॅक्सल खाली लोंबलेला असतो आणि पाटा वजनाखाली असतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक वाकलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट कसला तर आतली नळी त्याच कोनात आवळली जाते, म्हणजे रबराची 'मोकळी' स्थिती ती ठरते. गाडी खाली उतरवली की पाटा सरळ होतो, डोळा फिरतो आणि रबर गाडी उभी असतानाच पिळलेले राहते. पिळलेला टॉवेल जसा रात्रभर दोरीवर तसाच ठेवावा, तसे ते रबर दिवसरात्र ताणात असते. त्यावर प्रत्येक खड्डा त्याला आणखी पिळतो आणि जे रबर कित्येक वर्षे टिकायचे ते एकदोन पावसाळ्यांत धातूपासून सुटते. शिवाय पिळलेले रबर स्प्रिंगसारखे वागत असल्याने गाडी मागून थोडी उंच दिसते, आणि मालक खूश होऊन म्हणतो की बुश बदलल्यावर पाट्यांत जीव आला. तो जीव फार दिवस राहत नाही.

म्हणून नट फक्त हाताने, फटी मिटतील एवढेच लावावेत, यू-बोल्ट आणि शॉक जोडावेत, चाके चढवून गाडी जमिनीवर आणावी, मागचा बंपर धरून ती चार-सहा वेळा दाबावी, थोडी पुढे-मागे ढकलावी, आणि मग तिच्या स्वतःच्या वजनाखाली बोल्ट कसावेत. अडचण अशी, की गाडी जमिनीवर असताना खाली शिरायला जागा नसते. यासाठी मागची चाके जाड लाकडी फळ्यांच्या पायऱ्यांवर चढवून घेणे मला सोपे पडते, कारण चाकांवर वजन तसेच राहते आणि वीतभर जागाही मिळते. फळ्या रुंद हव्यात आणि पुढच्या चाकांचे ठोकळे विसरू नयेत. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोरानेच टॉर्क पान्याने कसावे. ज्यांच्या गाडीत मागे नेहमी दोन माणसे आणि डिकीत सामान असते, त्यांनी कसताना तेवढे वजन ठेवावे, एवढा बारकावा मी आवर्जून पाळतो. शेकलच्या अर्ध्या रबरांनाही हेच लागू आहे. तिथे पट्ट्या रबर किंचित फुगेल इतक्याच आवळायच्या असतात आणि त्या दोन्ही बाजूंना एकमेकींशी समांतर राहिल्या पाहिजेत.

पॉलियुरेथेनचे बुश घालावेत का, असे हल्ली विचारले जाते. शर्यतीच्या गाडीत त्यांना अर्थ आहे, पण पद्मिनीच्या मागच्या पाट्यात ते घालावेत असे मला वाटत नाही. असा बुश पिळला जात नाही; तो नळीवर घसरून फिरतो, म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागते, आणि ते संपले की तो किंचाळतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एक चाक खड्ड्यात आणि दुसरे वर असते तेव्हा पाट्याचा डोळा तिरका होतो. मऊ रबर तो तिरकेपणा सोसते; कडक बुश सोसत नाही आणि तो भार पाट्याच्या मुख्य पानावर व बॉडीच्या ब्रॅकेटवर जातो. पत्रा आधीच जुना आहे. लेथवर नायलॉनचा बुश काढून घेण्याचा जुना टॅक्सीवाला उपाय तर मी फक्त गाडी घरापर्यंत नेण्यापुरता मानीन.

पुढच्या विशबोनच्या बुशांना कसण्याचा हाच नियम आहे, मात्र ते काम घरी करताना कॉइल स्प्रिंगचा धोका वेगळ्या जातीचा असतो. दबलेली स्प्रिंग सुटली तर हात-पाय मोडण्याइतकी शक्ती तिच्यात असते. ज्या विशबोनवर स्प्रिंग बसलेली आहे तो स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय सोडवू नये, आणि ते हत्यार हाताशी नसेल तर तेवढे काम खुशाल गॅरेजमध्ये द्यावे. फक्त बोल्ट गाडी खाली उतरवल्यावरच कसले जात आहेत हे तिथे उभे राहून पाहावे. त्याआधी ब्रेक दाबून ठेवायला कुणाला तरी बसवून चाक वरून-खालून हलवून पाहिले, तर व्हील बेअरिंगचा खेळ बाजूला पडतो आणि उरलेला खेळ किंग पिनचा (स्टिअरिंगने चाक ज्या खिळीभोवती वळते तिचा) आहे की बुशाचा हे खालून पाहणाऱ्याला कळते. किंग पिन गेलेला असताना नुसते बुश बदलून हाती फारसे काही लागत नाही.

पाच-सहाशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट एकदा पुन्हा तपासावेत, कारण पाट्याची पाने आणि बैठक यांच्यातला गंज-मळ दबून ते हमखास थोडे सैल झालेले आढळतात. पुढच्या विशबोनचे बुश बदलले असतील तर अलाइनमेंटही त्यानंतरच करून घ्यावी. मी डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटने बुश बदलल्याचा महिना आणि वर्ष लिहून ठेवले आहे. मीटरचा आकडा लिहिलेला नाही, कारण पुढची तपासणी कधी करायची हे ठरवायला तो उपयोगी पडणार नाही.